जाऊबाईंचं मशीन

आधीच सांगून टाकते, तोंड माझं सुटलं म्हणून हे सगळं रामायण घडलं. घरात कुणीही ही गोष्ट सांगायला बसलं की माझ्यापासूनच सुरुवात करतं, त्यापेक्षा मीच केलेली बरी. पण गोष्ट माझी नाही, माझ्या थोरल्या जाऊबाईंची आहे.

आम्ही दोघी जावा कपडे दुरुस्तीचं दुकान चालवतो. पँट आखूड करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, चेन बसवायची, कंबर सैल करायची. ते शेवटचं काम सगळ्यात जास्त येतं आणि गिऱ्हाईक दर वेळी सांगतं की कापड आटलं. दुकान ते केवढं, आठ फूट बाय बारा. दोन पायमशिनं, इस्त्रीचं टेबल, एक आरसा, कपडे बदलायला पडदा. आणि खिडकीपाशी, दोन मशिनांच्या मधोमध, बुद्धिबळाचा पट. तो सासऱ्यांच्या वेळेपासून तिथेच आहे, कुणी हलवत नाही.

सासरे शिंपी होते. हाताखाली चार माणसं, आणि डोक्यात चोवीस तास बुद्धिबळ. दोन्ही मुलगे, म्हणजे आमचे नवरे, पटाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. जाऊबाई लग्न होऊन आल्या आणि आठवड्याच्या आत सासऱ्यांनी त्यांना विचारलं, "सूनबाई, काज करता येतं का?"

"येतं."

"आणि घोडा कसा चालतो ते माहीत आहे?"

"नाही."

"मग ये इकडे."

मी चार वर्षांनी घरात आले तोवर पाच डावांतले दोन त्या जिंकत होत्या. मलाही सासऱ्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, घोडा घोड्यासारखाच चालत असेल की. त्यानंतर त्यांनी मला पटाजवळ बोलावलं नाही.

त्यांची एक पद्धत होती. डाव संपला की तो उसवायचा. म्हणजे शेवटची चाल परत घ्यायची, मग तिच्या आधीची, मग तिच्या आधीची, मारलेली सोंगटी परत पटावर ठेवायची, असं करत पार पहिल्या प्याद्यापर्यंत मागे जायचं. आणि प्रत्येक चालीला सांगायचं की ही का केली. म्हणायचे, "शिवलेलं सगळ्यांना दिसतं. उसवायला घेतलं की कळतं, शिवणाऱ्याच्या मनात काय होतं." जाऊबाईंना ती सवय अशी लागली की तीस वर्षांपूर्वीचा डावसुद्धा त्या शेपटीकडून सांगतात. मला काल भाजी कोणती केली ते आठवत नाही.

संगणकानं बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवल्याची बातमी आली, त्या दिवशीचं मला लख्ख आठवतं. सासऱ्यांनी वर्तमानपत्र वाचलं, कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "संपलं. आता खेळण्यात काय राम राहिला?"

जाऊबाई मशीनवर होत्या. पाय न थांबवता म्हणाल्या, "बाबा, रेडिमेड कपडे आले तेव्हा आपण दुकान बंद केलं का?"

"तेव्हा चार माणसं कमी करावी लागली, पोरी."

"पण बंद नाही ना केलं? रेडिमेड सगळ्यांच्या अंगात जातं, पण नीट बसत कुणालाच नाही. म्हणून तर आपल्याकडे येतात. चाल तुमची आहे, बघा." सासऱ्यांनी कात्री पुन्हा हातात घेतली नाही, पण चाल केली. त्यानंतर वारेपर्यंत रोज एक डाव ते खेळत राहिले.

आता तर ते यंत्र फोनमध्येच आलंय. कानामागून आलं आणि तिखट झालं. जाऊबाईंच्या मुलीनं, माझ्या पुतणीनं, त्यांना तो प्रोग्रॅम घालून दिला. दुपारचं जेवण झालं की जाऊबाई फोन रिळांच्या डब्याला टेकवून उभा करतात आणि रोज एक डाव हरतात. रोज म्हणजे रोज. हजारावर डाव हरल्या असतील.

मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, कशाला रोज रोज मार खाता? त्या डबड्याला काय त्याचं?"

"हरते मी. मार खाणं वेगळं," त्या म्हणाल्या. "आणि त्याला काय त्याचं हे अगदी खरं बोललीस. त्याला जिंकल्याचं कळतसुद्धा नाही. मला हरल्याचं कळतं. म्हणून मी उद्या परत बसते."

असल्या बाईशी वाद कोण घालणार! मी इस्त्री तापायला ठेवली.

आमच्याकडे टपाल कचेरीच्या मागे एक सभागृह आहे, तिथे बुद्धिबळ मंडळ भरतं. जाऊबाई तीस वर्षं तिथे खेळतायत. दर वर्षी मोठी स्पर्धा होते. दोनदा उपान्त्य फेरीत गेल्या आणि दोन्ही वेळा तिथेच थांबल्या. यंदा मात्र ती फेरी जिंकल्या. समोर एक सोनेरी चष्मेवाला होता, वय जेमतेम पस्तीस, आजवर एकही डाव न हरलेला. त्याला त्यांनी अडतीस चालींत मात दिली. घरी आल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "भात टाकलास का?" मला त्याच वेळी कळलं की जिंकल्या. हरल्या की स्वतः भात टाकतात.

पूर्वी कुणी चांगलं खेळलं की लोक विचारायचे, कुणाकडे शिकलात? आता विचारतात, फोन कुठे लपवला होता? मंडळानंही एक प्रोग्रॅम घेतलाय, तो प्रत्येक डाव तपासतो. यंत्र जी चाल खेळलं असतं तीच तुम्ही किती वेळा खेळलात, ते टक्क्यांत सांगतो. जाऊबाईंचे टक्के निघाले सत्त्याण्णव. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी दुकानात फोन आला. जाऊबाई पडद्यामागे एका गिऱ्हाइकाच्या कोटाचे खांदे बघत होत्या. माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या. त्या तिथेच राहू दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं! पण नाही, मी त्या काढल्या आणि फोन घेतला.

मंडळाचे चिटणीस होते. आवाज कसा, लोण्यासारखा. "वहिनी, एक विचारायचं होतं. तुमच्या जाऊबाई मशीनचा वापर करतात का?"

"वापर म्हणजे? दिवसभर मशीनवरच असतात," मी म्हटलं.

"स्पर्धेच्या दिवशीसुद्धा?"

"हो तर! त्या दिवशी सकाळी तासभर तरी मशीन हवंच. त्याशिवाय त्यांचं डोकंच चालत नाही."

"म्हणजे चाली वगैरे..."

"सगळ्या मशीनवरच सुचतात त्यांना. काय खेळायचं ते तिथेच ठरतं."

तिकडे पेन कागदावर सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "इतकं मोकळेपणानं सांगितल्याबद्दल आभार, वहिनी." मी आपली खूश. दिवसभर मनात घोळवत होते की बघा, किती सुसंस्कृत माणूस.

गुरुवारी अंतिम फेरीत समोर कोण आहे ते बघायला आम्ही दोघी सभागृहात गेलो. फलकावर एक कागद लावलेला. जाऊबाईंच्या उपान्त्य फेरीच्या डावाचा निकाल स्थगित. सत्त्याण्णव टक्के चाली यंत्राशी जुळतात, सबब यंत्राची मदत घेतल्याचा संशय. खेळाडूच्या घरच्या व्यक्तीनं दूरध्वनीवर तशी कबुली दिली आहे. शनिवारी सकाळी दहाला चौकशी, दोषी ठरल्यास मंडळातून नाव कायमचं कमी. आजूबाजूला चार-पाच ओळखीचे लोक उभे होते. एकानंही आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

घरची व्यक्ती! म्हणजे कोण, हे कळायला मला दोनदा वाचावं लागलं. आमच्या घरात, आमच्या दुकानात, मशीन म्हणजे एकच. पायानं चालवायचं, वर्षातून दोनदा तेल घालायचं. त्या मेल्यानं ध चा मा केला आणि मी त्याला हातभार लावला.

दुकानात आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "तू काय बोललीस, तो काय बोलला, सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस." मी सांगितलं. "त्याशिवाय डोकंच चालत नाही" इथवर आले तर त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, मशीनवर डोकं टेकलं. मीही हसले. तशी त्या एकदम थांबल्या.

"मला हसू आलं म्हणजे तुला माफ केलं असं समजू नकोस."

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता जाते आणि त्या उंटावरच्या शहाण्याला सांगून येते की मशीन म्हणजे शिलाईचं. विषय संपेल."

"संपत नाही. मशीन कुठलं ते कळेल. चाली कुणाच्या ते कसं कळणार? टक्के तर राहिलेच ना सत्त्याण्णव?" त्यांनी पटावर त्या डावाची शेवटची मांडणी लावली आणि बघत बसल्या. "तीस वर्षं तिथे हरले, तेव्हा कुणाला संशय आला नाही. एकदा जिंकले तर चोर. मी नाव कमी करून घेणार नाही. त्या खुर्चीवर मी बसणार."

थोरले दीर म्हणाले, जाऊ दे ना, या वयात कशाला डोक्याला ताप. जाऊबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दीर मुकाट्यानं भात टाकायला गेले.

शनिवारी मी बरोबर यायचा हट्ट धरला. त्या म्हणाल्या, "ये. पण एका अटीवर. टाचण्या तोंडात धरायच्या आणि बसायचं." मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी खरंच चार टाचण्या माझ्या हातावर ठेवल्या. आणि मी खरंच त्या ओठांत धरून सभागृहात जाऊन बसले. लाज वाटली, पण काय करणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

टेबलापलीकडे तिघं होते. चिटणीस, त्यांच्यापुढे लॅपटॉप. म्हातारे पंच. आणि तो हरलेला चष्मेवाला. चिटणीसांनी घसा साफ केला. "आकडे तर आहेतच. शिवाय तुमच्या जाऊबाईंनी स्वतः सांगितलंय की तुम्ही मशीनवर..."

मी टाचण्या काढल्या. "अहो, शिलाई मशीन! आम्ही शिंपी आहोत, मशीन म्हटल्यावर आम्हाला दुसरं काय सुचणार? कपाळ तुमचं? तुमची ही पँट मागच्या महिन्यात त्याच मशीनवर दोन बोटं सैल केली मी!"

पंच खोकल्यासारखं हसले. चिटणीस कानाच्या पाळीपर्यंत लाल. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या.

"ठीक आहे, तो गैरसमज," चिटणीस म्हणाले. "पण सत्त्याण्णव टक्के? माणूस असं खेळत नाही."

"पट आणा," जाऊबाई म्हणाल्या. "मी डाव उसवून दाखवते. तुमचा तो लॅपटॉप बघत राहू दे."

त्यांनी अडतिसाव्या चालीची मांडणी लावली आणि मागे जायला सुरुवात केली. ही मात. त्याच्या आधी ह्यांनी राजा इथून इथे आणला, दुसरं घरच नव्हतं. त्याच्या आधी मी प्यादं पुढे सरकवलं, कारण वजीर दिला असता तरी चाललं असतं, पण मला तेवढी हिंमत झाली नाही. मारलेल्या सोंगट्या एकेक करून परत पटावर येत होत्या. हात थांबत नव्हता. चिटणीस बोटानं पडद्यावर मागे मागे सरकत होते, एकही चाल चुकेना.

"बाविसावी, हत्ती इथे," जाऊबाई म्हणाल्या. "याला मला चाळीस मिनिटं लागली."

"लागली खरी," चष्मेवाला पहिल्यांदा बोलला. "मी बसल्या जागी दोनदा चहा प्यायलो."

पंचांनी विचारलं, "एवढा वेळ का?"

"कारण एकविसावी चुकली होती." त्यांनी त्याचा घोडा मागे घेतला, स्वतःचा मारलेला उंट पटावर ठेवला. "हा उंट मी इथे ठेवला. घोडा फुकटात मारतो याला. मी पाहिलंच नाही."

चिटणीसांनी डोकं वर केलं. "पाहिलं नाही? अहो, आम्हाला शंका आली ती याच चालीवरून! यंत्रानं ही पहिल्या क्रमांकाला दिलीय. उंटाचं बलिदान. म्हणतंय, सगळ्या डावातली सर्वांत सुंदर चाल."

"यंत्र काही म्हणू दे. बलिदान कसलं डोंबलाचं! बावळटपणा झाला माझा."

"पण जिंकलात तुम्ही त्याच चालीनं!"

"त्या चालीनं नाही. त्यानंतर चाळीस मिनिटं बसले म्हणून. कापड चुकून कापलं गेलं, आता त्यातून काय निघतंय ते बघत बसले. घोडा इकडे आला म्हणजे राजाजवळचं घर मोकळं झालं, हे मला तिसाव्या मिनिटाला दिसलं."

चिटणीस मागे टेकले. "असं कोणीही म्हणेल. सगळ्यात चांगली चाल, आणि तुम्ही म्हणता नजरचूक. नजर होती तरी कुठे?"

जाऊबाई पहिल्यांदा अडखळल्या. मग चष्मेवाल्याकडे वळल्या. "यांच्या बाहीवर. उजव्या. तपकिरी बटण होतं, चार भोकांचं, एकाच दोऱ्यावर लोंबत होतं. हे हात पुढे करायचे आणि ते पटावर झोके घ्यायचं. आता पडतंय, मग पडतंय. माझ्याच्यानं बघवेना. मनातल्या मनात मी ते लावत होते आणि हातानं उंट ठेवला."

सगळे चष्मेवाल्याकडे बघायला लागले. त्यानं उजवी बाही टेबलावर ठेवली. तोच कोट असावा. तीन तपकिरी बटणं आणि चौथ्या जागी एक काळं.

"जिना उतरताना पडलं," तो हळूच म्हणाला. "सापडलं नाही. मी घरी दुसरं लावलं."

"दिसतंय," जाऊबाई म्हणाल्या. "गाठ बाहेरून मारलीत. आठवड्यात हेही पडेल."

तो हसला. मग चिटणीसांकडे बघून म्हणाला, "माझी तक्रार नव्हती आणि नाही. चाळीस मिनिटं मी यांच्या समोर बसलो होतो. घाम पुसत होत्या. ज्याला उत्तर आधीच माहीत असतं त्याला असा घाम फुटत नाही." नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारा असेल असं मी त्याला समजत होते. मनातल्या मनात माफी मागितली.

पंचांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "पुरे झालं. डाव यांचा. उद्या अंतिम फेरी खेळतील." दुसऱ्या दिवशी त्या अंतिम फेरीत हरल्या, ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघायला नको. घरी येऊन स्वतः भात टाकला. पण खेळल्या त्याच खुर्चीवर बसून.

चिटणीसांनी कागद ओढला आणि भराभर लिहिलं. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. वाचून दाखवलं: "चौकशीअंती खेळाडू निर्दोष आढळल्या. त्यांचा खेळ यंत्राच्या तोडीचा असला तरी तो त्यांचा स्वतःचा आहे, याचा मंडळाला अभिमान वाटतो." आणि आता ह्या बाईंनी आभार मानावेत अशा चेहऱ्यानं बघायला लागले.

"खोडा," जाऊबाई म्हणाल्या.

"काय?"

"तोडीचा-बिडीचा काही नाही. हजार डाव हरलेय मी त्याच्याशी. आणि उद्या तुमचं यंत्र म्हणालं की सत्तर टक्के, तर मग खेळ माझा जास्त झाला का? त्याच्या तराजूत मला तोलू नका. परवा चोर ठरवलंत तेही त्यानंच आणि आज शहाणी ठरवताय तेही त्यानंच. मला नको."

"मग काय लिहू?"

"मी सांगते ते. एकविसाव्या चालीला उंट चुकीच्या घरात पडला."

चिटणीसांचं पेन थांबलं. "हे फलकावर लावायचं? सगळे वाचतील."

"त्यासाठीच. लिहा. उंट चुकीच्या घरात पडला. चूक खेळाडूची स्वतःची आहे. बाकीचा डावही."

त्यांनी लिहिलं. पंचांनी सही केली. आम्ही सगळे फलकापाशी गेलो. बाहेर तेच चार-पाच जण उभे होते, या वेळी मान वर करून. चिटणीसांनी जुना कागद काढला, नवा धरला आणि खिसे चाचपायला लागले. टाचण्या नव्हत्या.

जाऊबाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला, फलकावर सरळ धरला आणि माझ्याकडे न बघता मागे हात पसरला.

"आण," त्या म्हणाल्या. "आता बोललीस तरी चालेल."

मी चारही टाचण्या तोंडातून काढल्या, पुसल्या आणि त्यांच्या हातावर ठेवल्या.